तिसऱ्यांच्या तेलावर एक हिवाळा

१४ सप्टेंबर २००८, रविवार

वही नवी, निळ्या पुठ्ठ्याची. हिच्यात फक्त तळघरात घर तापवणाऱ्या भट्टीच्या नोंदी करायच्या. चाळीस वर्षं या बंदरातल्या मासेमारी बोटींची इंजिनं दुरुस्त केली, तेव्हाही मी अशीच वही ठेवायचो. कुठलं इंजिन कधी रुसलं, का रुसलं, हे लिहिलेलं असलं की पुढच्या वेळी डोकं खाजवत बसावं लागत नाही.

निमित्त असं. घर तापवायच्या तेलाचे भाव यंदा असे भडकलेत की तेलाचा टँकर गल्लीत दिसला तरी लोक पडदे ओढून घेतात. आम्ही गेले दोन हिवाळे घर अठ्ठावन्न अंश फॅरनहाइटवर ठेवलं. पाणी बत्तीसला गोठतं. तेव्हा अठ्ठावन्न म्हणजे चैनच म्हणायची. आर्डिसला तसं वाटत नाही. आर्डिस म्हणजे माझी बायको, एकेचाळीस वर्षांची. म्हणजे लग्नाला एकेचाळीस वर्षं झाली. ती स्वतः चौसष्टची आहे.

काल जेवताना ती म्हणाली, "फेयचा फोन आला होता. नोव्हेंबरात थँक्सगिव्हिंगचा सण झाला की फ्लोरिडाला ये म्हणते. एप्रिलपर्यंत राहा म्हणाली."

फेय तिची धाकटी बहीण. तिच्या अंगणात संत्र्याचं झाड आहे, हे ती दर फोनला सांगते.

"एप्रिलपर्यंत?" मी म्हटलं.

"मला या घरात थंडी वाजते, आल्टन."

"मग स्वेटर घाल की."

"दोन घातलेत." ती काटा खाली ठेवून माझ्याकडे बघत राहिली. "तुला यावर काही म्हणायचंय?"

मला पुष्कळ म्हणायचं होतं. उत्तरेकडच्या खिडक्यांना प्लास्टिक लावायचं राहिलंय, पोटमाळ्यावरचं अस्तर उंदरांनी खाल्लंय, हे सगळं मी सविस्तर सांगितलं. ती उठून भांडी घासायला लागली.

तेव्हा प्रश्न अगदी सरळ आहे. घर गरम झालं, तर बाई जाईलच कशाला? आणि घर गरम करायचं, तर स्वस्त तेल पाहिजे. बास.

२० सप्टेंबर

स्वस्त काय, फुकट तेल मिळालं!

धक्क्यावर डोनी बीलची तळलेल्या तिसऱ्यांची, म्हणजे शिंपल्यांची, टपरी आहे. उन्हाळाभर पर्यटक तिथे रांगा लावतात. कढईतलं जुनं तेल डोनी मागच्या पिंपात ओततो आणि मग ते न्यायला येणाऱ्या माणसाची वाट बघत बसतो.

"मला दे," मी म्हटलं.

"कशाला? खाणार आहेस?"

"भट्टीत घालणार आहे."

डोनीने टोपी मागे सरकवली. "आर्डिसला माहितेय?"

"तिच्यासाठीच तर चाललंय."

"हां," डोनी म्हणाला. "आमची ही म्हणाली होती, वाढदिवसाला फुलं आण. मी तिला बर्फ उपसायचं यंत्र आणलं. ते पण तिच्यासाठीच होतं." मग एकटाच हसत बसला. त्यात हसण्यासारखं काय होतं कोण जाणे. यंत्र चांगलं आहे, मीच दुरुस्त केलंय.

सहा पिंपं आणून रिकाम्या गोठ्यात ठेवली. टपरी ऑक्टोबरच्या मध्यावर बंद होते, तोवर आणखी चार होतील.

५ ऑक्टोबर

तेल गाळणं हे येरागबाळ्याचं काम नव्हे. आधी चार दिवस निवळू द्यायचं, मग वरचं काढायचं, मग कापडातून गाळायचं. जुन्या पँटमधून गाळलं तर पिठाचे कण खाली येतात. शेवटी माझ्या लोकरी आतल्या विजारीच्या एका पायातून गाळलं. काय सुंदर उतरलं! मधासारखं. आर्डिस गोठ्याच्या दारात उभी राहून बघत होती.

"ती विजार मी तुला ख्रिसमसला दिली होती," ती म्हणाली.

"म्हणून तर म्हणतो, कापड उत्तम आहे."

दुपारी लिंडन येऊन गेला. गावातल्या निम्म्या भट्ट्या तोच सांभाळतो. त्याने तळघरात उतरून भट्टी पाहिली, तेल पाहिलं, विजारीचा पाय पाहिला आणि चक्क डोक्याला हात लावला.

"आल्टन, मी सांगितलेलं तू ऐकणार नाहीस, तरी सांगतो. नेहमीच्या तेलात चौथा हिस्साच मिसळ, जास्त नको. आणि भट्टी बंद पडली, तर हे लाल बटण एकदा दाबायचं. एकदाच. नाही पेटली तर मला फोन करायचा. दाबत बसलास तर आत तेल साचतं, आणि मग पेटतं तेव्हा एकदम पेटतं."

मला, आल्टन पिंकहॅमला, हा इंजिनाबद्दल शिकवतोय! ह्याच्या बापाच्या बोटीचं इंजिन मी तीनदा उघडलंय.

१९ ऑक्टोबर

सकाळी बाहेर एकोणतीस, घरात एक्कावन्न. भट्टी अर्थातच पेटवलेली नाही. एक नोव्हेंबरच्या आत पेटवायची नसते, ती उधळपट्टी. इथे सगळेच एकमेकांच्या धुराड्यांवर डोळा ठेवून असतात. परवा पाद्रीबाबांच्या धुराड्यातून धूर दिसला, तर आज चर्चमध्ये कोणी त्यांच्या नजरेला नजर देईना.

आर्डिस सापडेना म्हणून शोधलं, तर अंगणात गाडी सुरू करून आत पुस्तक वाचत बसली होती. गाडीचा हीटर पूर्ण सोडलेला.

"इथे काय करतेस?"

"वाचायला उजेड बरा पडतो," ती म्हणाली.

खरंच आहे, पूर्वेचं ऊन काचेतून थेट येतं तिथे. मला हे कधी सुचलं नव्हतं.

१ नोव्हेंबर, शनिवार

सकाळी सात वाजता पेटवली. दोनदा खोकली आणि मग जी लागली म्हणता! ज्योत पिवळीधमक, आवाज एकसारखा. नऊ वाजेपर्यंत घरात एकाहत्तर! एकाहत्तर अंश मी या घरात जुलैशिवाय पाहिलेला नाही.

आर्डिस स्वयंपाकघरात स्वेटर काढून नुसत्या ब्लाऊजवर उभी होती. तिचे दंड मी किती दिवसांनी पाहिले. छान दिसत होती. ही भट्टीची नोंद नव्हे, पण खोडत नाही.

"छान ऊब आहे," ती म्हणाली.

"मग?"

"मग काय?"

"मग फ्लोरिडाचं काय?"

तिने हातातला कप खाली ठेवला. "तुला काय वाटतं, आल्टन? मी जावं का?"

मी नीट विचार करून सांगितलं की मला वाटतं मिश्रणात तिसऱ्यांचं तेल निम्म्यापर्यंत न्यायला हरकत नाही. ती थोडं हसली आणि वर गेली. एकंदरीत खूश दिसते आहे.

(वास येतो. थोडा.)

९ नोव्हेंबर

थोडा नाही, बराच येतो. वारा दक्षिणेचा असला की चर्चपर्यंत तळलेल्या तिसऱ्यांचा घमघमाट. पाद्रीबाबांना प्रवचन आवरतं घ्यावं लागलं, कारण लोकांची पोटं इतक्या मोठ्याने गुरगुरत होती की मागच्या बाकांपर्यंत आवाज जाईना. शेजारपाजारची पाच कुत्री आमच्या अंगणात मुक्कामाला आहेत. धुराड्याकडे बघत बसतात.

आज दुपारी तर मॅसॅच्युसेट्सची गाडी दारात थांबली. नवरा-बायको उतरले, दार वाजवलं, म्हणाले, "दोन प्लेट. बटाटे जास्त."

मी त्यांना हाकलणार होतो, पण आर्डिसने त्यांना आत घेतलं आणि घरात होता त्या हॅडॉक माशाचे तुकडे तळून घातले. तासभर हसत-बोलत बसले होते. तो माणूस सारखा बायकोचा हात धरत होता, काही कारण नसताना. "आम्ही दोघं असेच भटकतो. हिच्याशिवाय मला कुठे जावंसंच वाटत नाही," म्हणाला. आर्डिसने माझ्याकडे पाहिलं. मी तळणीतलं उरलेलं तेल गाळून पिंपात टाकलं. अर्धा लीटर तरी निघालं असेल.

२४ नोव्हेंबर

घात झाला. पहाटे उणे दोन, आणि गोठ्यातली दहाच्या दहा पिंपं थिजून लोणी! फावड्याने काढावं लागेल असं. उन्हाळ्यात हे डोक्यात कसं आलं नाही?

उपाय एकच: पिंपं घरात. तळघराच्या जिन्यावरून ती खाली जात नाहीत, तेव्हा जेवणाच्या खोलीत, गरम हवेच्या जाळीभोवती.

"माझ्या जेवणाच्या खोलीत तेलाची पिंपं?" आर्डिस म्हणाली. "गुरुवारी थँक्सगिव्हिंग आहे!"

"पाहुणे कोण येणारेत? आपण दोघंच."

तिने एका पिंपावरून बोट फिरवलं. मग म्हणाली, "हो. आपण दोघंच." आणि कपाटातून चांगले टेबलक्लॉथ काढून एकेका पिंपावर घातले. गुरुवारी आम्ही टर्की खाल्ली ती दहा जणांच्या पंक्तीत बसल्यासारखी. आर्डिसने एका पिंपाला मिसेस पिंपर असं नावही दिलं आणि तिला सॉस पुढे केला. किती दिवसांनी मी डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसलो. (गुरुवारचं इथेच जोडून लिहिलंय.)

मुख्य बातमी: तिने फेयला कळवलंय की आता नको, ख्रिसमसनंतर बघू. भट्टीचा विजय!

३ डिसेंबर

आज अडुसष्ट. बाकी काही नाही.

१४ डिसेंबर

भट्टीची फवारा मारणारी तोटी दर चार दिवसांनी चोंदते. आज साफ करत होतो तर आर्डिस कॉफी घेऊन तळघरात आली आणि उलट्या खोक्यावर बसली. एरवी ती खाली येत नाही. मी तिच्या हातात टॉर्च दिला.

मी तोटी खरवडत होतो ते बघत राहिली. मग म्हणाली, "आल्टन, मी इथे असले की तुला बरं वाटतं का रे?"

"बरं म्हणजे काय! एका हाताने टॉर्च आणि एका हाताने तोटी कशी धरणार माणूस?"

तिने टॉर्च धरला तो शेवटपर्यंत, जराही हलू दिला नाही. मग तो खोक्यावर ठेवून वर गेली. कॉफी माझ्यासाठीच आणली होती, हे मला ती गार झाल्यावर कळलं. तिला मी "थँक यू" म्हणायला पाहिजे होतं. पण एवढ्यासाठी जिना कोण चढणार, म्हणून राहिलं.

२९ डिसेंबर

तिकीट आलंय. फ्रिजवर चुंबकाने लावलंय, शनिवार, सतरा जानेवारी, सकाळी अकराचं विमान. परतीचं तिकीट नाही.

मला हे काही कळत नाही. घर गरम आहे! मी तिला तापमानाच्या नोंदी दाखवल्या, नोव्हेंबरपासूनच्या, दिवसवार. एकही दिवस पासष्टच्या खाली नाही.

"बघितलं," ती म्हणाली. "खूप मेहनत घेतलीस."

"मग?"

"मग तू सांग ना."

काय सांगू? नोंदी समोर आहेत. याचा अर्थ तिला पासष्टसुद्धा कमी पडतं. आता मिश्रणबिश्रण बंद, सरळ तिसऱ्यांचं तेल सोडणार. पंचाहत्तर गाठणार. फेयच्या फ्लोरिडाला म्हणावं, ये आता.

दोन दिवस जेवण जात नाही. बहुतेक वासामुळे.

६ जानेवारी

चौऱ्याहत्तर. पाद्रीबाबा "सहज" आले आणि तीन तास बसले. आर्डिस बॅग भरते आहे.

१५ जानेवारी, गुरुवार

हात अजून काळे आहेत, वहीला डाग पडतायत. पडू देत.

बाहेर उणे अठरा. आर्डिसच्या गोधडी मंडळाच्या पाच बायका तिला निरोप द्यायला दुपारी आल्या होत्या. फेयला द्यायला म्हणून त्यांनी एक पांढरी-निळी गोधडी शिवली होती, तिचे शेवटचे टाके बैठकीत बसून घालायचं चाललं होतं. फ्लोरिडात गोधडीचं काय करतात हे विचारायची सोय नव्हती. मधोमध त्यांची पुढारी ओपल स्प्रॉल, पांढऱ्या स्वेटरमध्ये.

अडीच वाजता भट्टी बंद पडली. एवढ्या थंडीत, तिच्या मैत्रिणींसमोर, जायच्या दोन दिवस आधी! धावत खाली गेलो आणि लाल बटण दाबलं. नाही पेटली. परत दाबलं. वरून आर्डिसचा आवाज, "आल्टन, काही झालं का?" मी म्हटलं, "काही नाही!" आणि परत दाबलं. लिंडन काय म्हणाला होता ते मला पक्कं आठवत होतं. पण लिंडनची बायको काही शनिवारी फ्लोरिडाला चालली नव्हती. आठ वेळा दाबलं.

आठव्यांदा पेटली.

ढुम्म करून असा आवाज झाला की मी मागच्या मागे बसलो. भट्टीचं दार माझ्या कानाजवळून गेलं. साठलेली सगळी काजळी गरम हवेच्या नळांतून वर गेली आणि घरातल्या प्रत्येक जाळीतून बाहेर आली. वर सगळं चिडीचूप झालं. मग कोणीतरी खोकलं.

वर जाऊन पाहिलं तर सहा बायका गोधडीभोवती होत्या तशाच बसलेल्या, सुया हातात, आणि सगळ्या नखशिखांत काळ्या. फक्त डोळे लुकलुकत होते. ओपल कोण आणि आर्डिस कोण ते कळेना. गोधडीसुद्धा काळी. घरभर असा वास, की डोनीची टपरी जळून खाक झाली असावी.

"आल्टन," एक काळी बाई म्हणाली, ती आर्डिस होती, "ह्यांना ओले टॉवेल आण."

रागावली असती तर बरं झालं असतं.

१६ जानेवारी

सकाळी घरात एक्केचाळीस. आम्ही दोघं कोट घालून स्वयंपाकघरात, ओव्हनचं दार उघडून त्यासमोर. लिंडनला मी स्वतः फोन केला. तो दुपारी आला, तोटी काढून उन्हात धरली.

"हे काय आहे ठाऊक आहे?"

"पीठ," मी म्हटलं.

"तळलेलं पीठ. वर मीठपण लावलेलं असेल." मग त्याने माझा चेहरा पाहिला आणि पुढचं बोलला नाही. भट्टी आतून साफ केली, तोटी नवी घातली, गाडीतलं नेहमीचं तेल टाकीत भरलं, लाल बटण दाबलं. एकदा. लागली.

चार वाजता सत्तर अंश. नेहमीच्या तेलावर, वासाशिवाय. मी दोन-दोन पायऱ्या चढत वर गेलो. आर्डिस बॅगेचं कुलूप लावत होती. चेहरा धुतला होता, पण कानामागे काजळी राहिली होती.

"सत्तर!" मी म्हटलं. "लिंडनकडून हिवाळाभर घेणार तेल. भाव काय असेल तो असू दे. आता सत्तरच्या खाली येणार नाही, शब्द देतो."

"बरं झालं," ती म्हणाली. "तुझी काळजी मिटली." आणि बॅग उचलून दाराशी ठेवली.

चार महिने मी एकच गोष्ट करत होतो, ती आता झाली होती, आणि बॅग दाराशी होती. मला पुढचं काही येतच नव्हतं. खिडक्यांबद्दल बोलावं असं मनात आलं. तोंड उघडलं तर भलतंच निघालं.

"जाऊ नकोस."

"का?" ती म्हणाली. माझ्याकडे न बघता.

"तू नसलीस तर मी सांगू कोणाला?"

"काय सांगायचंय?"

"काहीही. भट्टी चालली, भट्टी बंद पडली. आज कुत्री किती आली. मला... आर्डिस, मला नाही करमत गं तुझ्याशिवाय. तू दुकानात गेलीस तरी मी खिडकीशी उभा असतो. थंडीचं मला काही नाही. तू जाऊ नकोस."

ती पलंगावर बसली आणि रडायला लागली असं मला वाटलं, पण ती हसत होती. मग खरंच रडायला लागली. मग दोन्ही.

"अरे मेल्या," ती म्हणाली, "अडीच महिने माझ्या केसांना तिसऱ्यांचा वास येतोय! दहा पिंपांबरोबर जेवले मी! ओपल स्प्रॉलचे दात सोडून सगळं काळं झालं! आणि तुला हे सप्टेंबरात बोलता येत नव्हतं?"

मी म्हटलं की सप्टेंबरात मला वाटलं होतं, प्रश्न तेलाचा आहे.

१७ जानेवारी, शनिवार

अकराचं विमान गेलं. आर्डिस स्टुलावर चढून भिंती पुसते आहे, मी बादली बदलतो आहे. मधेच ती थांबते आणि म्हणते, "काय म्हणालास काल? परत म्हण." मी म्हणतो. सकाळपासून चारदा झालं. चौथ्या वेळी जरा सोपं गेलं.

दुपारी फेयचा फोन आला. तिच्याकडे ब्याऐंशी अंश आहे, आणि झाड संत्र्यांनी लगडलंय म्हणे.

"असू दे," आर्डिस म्हणाली.